बिनबर्फाचा हिवाळा

३ डिसेंबर

यंदापासून रोपवेची रोजनिशी ठेवायची नाही, असं ऑफिसने कळवलं. इतकी वर्षं संध्याकाळ झाली की लिहीत आलो: वारा कसा, बर्फ किती, माणसं किती वर गेली, कुठलं चाक कुरकुरलं. आता जेवणाआधी हात नुसता शिवशिवतो. म्हणून दुकानातून ही वही आणली. हिच्यात यंत्राशिवायचंही लिहीन म्हणतो. कोणी वाचणार नाही, तेव्हा शुद्धलेखनाची भीती नाही.

आजची नोंद: बर्फ नाही. वारा नाही. वर गेलं कोणी नाही. चौथ्या खांबावरचं चाक कुरकुरतंय. ग्रीसचा डबा मागवला होता, अजून पत्ता नाही. रोपवे गावाच्या मंडळाचा, आणि मंडळाचा अध्यक्ष माझा लहानपणचा दोस्त. त्याला रस्त्यात गाठून विचारलं. “येईल रे,” म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधलेलीच होती.

८ डिसेंबर

बर्फ नाही.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी नाही आणि माथ्यावरही नाही, मध्येच लटकलेलं आहे. गावामागून मोठा उतार सुरू होतो आणि उताराच्या मधोमध आमचे खांब. दोरावरून खुर्च्या वर जातात, वरच्या स्टेशनावर कँटीन आहे, तिथून लोक स्की करत खाली येतात. म्हणजे यायचे. पूर्वी या दिवसांत माणसं रांगेत उभी राहून पाय आपटत असत. गेल्या तीन-चार हिवाळ्यांत रांग आखडत आखडत गेली. यंदा उतार उघडाबोडका पडलाय, नुसती माती आणि खडे.

बर्फ उशिरा पडतं म्हणून ते पडतच नाही असं होत नाही. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, “हं.”

हिचं काम सुटलंय. हॉटेलातल्या चादरी धुण्याचं काम होतं, हॉटेलच बंद झालं. मला वाटलं होतं, घरात बसून माझं डोकं खाईल. तसं काही नाही. उलट खुशीत दिसते. सकाळी भांडी घासताना गुणगुणत होती. तब्येत तर ठीक आहे ना, कोण जाणे. डॉक्टरला दाखव म्हटलं तर हसली.

१४ डिसेंबर

आज माणसं वर गेली! लिहायला बरं वाटतंय म्हणून आधी तेच लिहितो. ही, शिंपीण आणि बेकरीवाली. प्रत्येकीजवळ ओल्या फांद्यांचे भारे. म्हणाल्या, वर काम आहे. फांद्यांचं काय काम असतं वर? पण उतारू तो उतारू. रिकाम्या खुर्च्या फिरवण्यापेक्षा बरं. मी टोपी घालून दारात उभा राहिलो, खुर्ची हाताने धरून प्रत्येकीला नीट बसवलं. शिंपीण म्हणाली, “काय हो, तिकीट नाही फाडणार?” मी म्हटलं, “भाऱ्यांचं वेगळं पडेल.” बेकरीवाली इतकी हसली की भारा सुटला.

वरच्या स्टेशनातून खालच्या स्टेशनात बोलायचा जुना फोन आहे, हाताने फिरवायचा. पोचल्यावर हिने तो फिरवला. “पोचलो हो,” म्हणाली. हिचा आवाज फोनवर वेगळाच वाटतो. तरुण वाटतो.

१९ डिसेंबर

एक परका माणूस दिवसभर खांब मोजत होता. टेप लावून घेर मोजला, पायथ्याचं काँक्रीट बुटाने ठोकून बघितलं. मला विचारतो, “एकेका खांबाचं वजन किती असेल?” मी सगळं सविस्तर सांगितलं, चहाही पाजला. खांब रंगवायचे असणार. वेळेवर सुचलं मंडळाला. लाल रंग द्या म्हणून मी सुचवलं, धुक्यात उठून दिसतो. त्याने मान डोलावली, पण लिहून घेतलं नाही.

वजन कशाला लागतं रंगाला?

३० डिसेंबर

लेक आणि जावई येऊन गेले. ती दोघं खाली शहरात असतात. जेवताना लेक म्हणाली, “बाबा, चार महिने आमच्याकडे येऊन राहा ना. खोली रिकामीच आहे.”

“ऐन हंगामात? मोटर कोण सांभाळणार?”

लेकीने आईकडे बघितलं, आईने पातेल्यात बघितलं. जावई चांगला मुलगा आहे, त्याने ताबडतोब माझ्या गुडघेदुखीचा विषय काढला.

मायलेकी मग स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा लेक म्हणत होती, “पण आई, किती दिवस असं?” मला पाहून दोघी गप्प. माझी खात्री आहे, ही लेकीकडे जायचं ठरवतेय आणि मला सांगायचा धीर होत नाहीये. जाऊ दे. जायचं तर जाऊ दे. मी कोणाला बांधून ठेवलेलं नाही.

रात्री झोप लागली नाही.

१२ जानेवारी

पाऊस. जानेवारीत पाऊस! पत्र्यावर आवाज ऐकून आधी वाटलं गारा असतील. खिडकी उघडली तर साधा, कोमट, निर्लज्ज पाऊस.

हवा उघडल्यावर बायका पुन्हा वर गेल्या. आता आठ-दहा जणी असतात. काय करतात ते आज दुर्बिणीतून बघितलं आणि डोक्यात तिडीक गेली. उतारावर आडव्या रांगांनी खुंट्या ठोकून त्यांत फांद्या विणतात, कूड घालतो तसं. मागे वाळक्या गवताचे थर पसरतात. माझ्या उतारावर! संध्याकाळी हिला विचारलं.

“माती धरायला,” ही म्हणाली. “गवत उगवायला बी पसरलंय. गवतच नाही तिथे, मोठ्या पावसात सगळं खाली येईल.”

“आणि बर्फ पडल्यावर? स्कीवाले त्या कुडांना अडकून तंगड्या मोडून घेतील, त्याचं काय?”

हिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान मूल काहीतरी बोलून गेलं की बघतात तसं. मग म्हणाली, “पडलं तर आम्ही काढू.”

“पडलं तर” नाही, “पडल्यावर”. मी सुधारून सांगितलं.

२१ जानेवारी

बर्फ!!

पहाटे उठलो तर अंगण पांढरं. चार बोटं तरी असेल. मी बूट न घालताच बाहेर गेलो. हिने हाक मारली, “अहो, पाय!” स्टेशनवर जाऊन सगळ्या खुर्च्या झटकल्या, मोटर गरम केली. अध्यक्ष आला. आम्ही दोघं खिडकीपाशी उभे राहून वर बघत होतो. मी म्हटलं, “बघ, सांगत नव्हतो?” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो डोळे पुसत होता. पांढऱ्यावरून ऊन फार टोचतं, मलाही त्रास होतो.

दुपारपर्यंत सगळं वितळलं.

ते जाऊ दे. जाता जाता मी त्याला विचारलं, विजेचं काय, बिल जास्त येतंय का? तो म्हणाला, “वीज मार्चपर्यंत ठेवलीय. घरच्यांचा आग्रह होता.” कोणाच्या घरच्यांचा? तोवर तो निघून गेला होता.

६ फेब्रुवारी

पाऊस थांबत नाही. गटारातून मातकट पाणी वाहतंय. चौथ्या खांबाकडे बघवत नाही. मला तो किंचित पूर्वेला कललेला वाटतो. चष्म्याचा दोष असेल.

आज सकाळी थोडी उघडीप होती म्हणून बायका कूड बघायला वर गेल्या. दुपारी सुखरूप उतरल्या. उद्याही जायचं म्हणतात. मी म्हटलं, नका जाऊ. ही म्हणाली, “एक रांग सुटत चाललीय, ती बांधली की झालं.”

९ फेब्रुवारी

काल आणि परवा लिहायचं त्राण नव्हतं. आता सगळं क्रमाने लिहितो.

सात तारखेला ही, शिंपीण, बेकरीवाली आणि कँटीनचा म्हातारा आचारी वर गेले. आचारी लंगडतो. कँटीनमधली भांडी आणायची म्हणून तो गेला होता. दुपारी धुकं उतरलं आणि पाऊस असा कोसळायला लागला की खिडकीतून पहिला खांबही दिसेना. मग आवाज आला. मला वाटलं, मोठा ट्रक दगड ओततोय. तो थांबेचना. जमीन पायाखाली थरथरली आणि वीज गेली.

धुकं जरा विरलं तेव्हा पाहिलं, उताराची पश्चिमेकडची बाजू गेली होती. सोललेल्या फळासारखी. वर जायची पायवाट नाही. अध्यक्षाचं गॅरेज मातीखाली. तो आणि त्याची माणसं बाहेर रस्त्यावर उभी होती, सगळी होती, देवाची कृपा. आणि चौथा खांब कलला होता. आता चष्म्याचा प्रश्नच नव्हता.

मी फोन फिरवला. हिनेच उचलला.

“सगळे आहात?”

“आहोत. कँटीनमध्ये आहोत.”

“तिथेच थांबा. मदत मागवलीय. धुकं गेलं की हेलिकॉप्टर येईल.”

ही आवाज खाली आणून म्हणाली, “अहो, कँटीनच्या मागे जमीन फाटलीय. मघाशी बोट जात होतं. आता हात जातोय.”

डिझेल इंजिन वीज गेली तरी चालतं. पण खांब कललेला, चाकांवरून दोर निसटला तर खुर्ची खाली. हे मी हिला सांगितलं, जसं आहे तसं. खोटं बोलायला सुचलंच नाही.

“एकेकटीला आणता येईल?” हिने विचारलं.

“सावकाश. एका वेळी एक. पण मी खात्री देत नाही.”

“मग मी पहिली येते.”

“तू नाही!”

“माझं वजन सगळ्यांत जास्त. मला पेललं तर बाकीच्यांनाही पेलेल. आचारीबाबांना पहिलं बसवू का?”

“अगं, ऐक...”

“तुम्ही दोर बघा. मी माझं बघते.” आणि तिने फोन ठेवला.

तोवर अध्यक्ष धावत स्टेशनात आला होता, त्याने इंजिनाची चावी फिरवली. ब्रेक मात्र मी कोणाला धरू दिला नाही. इतका हळू दोर मी आयुष्यात सोडला नसेल. धुक्यातून आधी तिचे बूट दिसले. मग ती. दोन्ही हातांनी दांडा धरून, मान खाली. चौथ्या खांबाशी चाक किंचाळलं, खुर्चीला हिसका बसला आणि मी ब्रेक ओढला. ती हवेत लोंबकळत होती. खाली चिखल वाहत होता. दोर चाकाच्या काठावर आला होता, खोबणीत नव्हता. पुढे सोडला तर निसटेल की बसेल, मला खरंच माहीत नव्हतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. अध्यक्षाने विचारलं, “काय करायचं?” मी म्हटलं, “मला काय विचारतोस!”

वारा जरा पडला तसा मी ब्रेक सैल केला. दोर खट्‌कन बसला. ती पार झाली.

खाली उतरली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. सरळ फोनपाशी गेली. “शिंपीणबाई, ऐक. कललेल्या खांबाशी मोठा हिसका बसतो. घाबरू नकोस, पाय वर घे, डोळे मिट हवं तर. मी आले ना? मग.” शिंपीण आली. बेकरीवाली आली, मोठमोठ्याने शिव्या देत आली. आचारीबाबा मांडीवर एक पातेलं घेऊन आले. ते सोडायला तयार नव्हते म्हणे.

तिन्हीसांजेला कँटीनचा मागचा अर्धा भाग खाली गेला. आम्ही सगळ्यांनी स्टेशनातून तो जाताना बघितला.

१३ फेब्रुवारी

जिल्ह्याचा साहेब आला होता पाहणी करायला. सगळं गाव जमलं. कूड घातलेल्या पट्ट्यात माती थांबली, दोन रांगा गेल्या पण बाकीच्या तशाच आहेत, असं बायका त्याला दाखवत होत्या. मला वाटतं तिथे मुळात उतारच कमी आहे.

मग साहेबाने कागद चाळले आणि विचारलं, “हा रोपवे तर ऑक्टोबरपासून बंद झालाय. खांब भंगारात द्यायचं ठरलंय. मग चालवत कोण होतं?”

शिंपीण जमिनीकडे बघत होती, बेकरीवाली आभाळाकडे. अध्यक्ष नाडीकडे. मी एकेकाचं तोंड बघितलं आणि कळलं. सगळ्यांना माहीत होतं. शेंबड्या पोरालाही माहीत असेल. एक मीच टोपी घालून दारात उभा राहत होतो.

घरी आल्यावर ताटावर बसलो नाही. ही समोर येऊन बसली.

“तुम्हाला सांगायचं ठरवलं की तुम्ही खुर्च्या पुसत असायचात,” म्हणाली. “कसं सांगणार?”

“म्हणून सगळ्या गावाने मिळून माझं बाहुलं केलंत?”

“बाहुलं नाही. मीच अध्यक्षांकडे गेले होते. म्हटलं, एवढा हिवाळा चालू राहू दे. आम्हाला फांद्या वर न्यायला लागेल आणि यांना उठून जायला जागा राहील.”

“आणि तू मजेत होतीस. गाणी म्हणत होतीस! माझं सगळं बुडत होतं आणि तू गाणी म्हणत होतीस.”

तिने हात पुसले. बराच वेळ पुसत होती. मग म्हणाली, “तो उतार माझ्या वडिलांचं कुरण होतं.”

“हे मला माहीत आहे.”

“माहीत आहे. खांब उभे करताना सगळं सपाट केलं, मुळासकट खरवडलं. मी एकोणीस वर्षांची होते. आमची जनावरं विकली त्या दिवशी वडील घरी आलेच नाहीत, रात्रभर वर बसून होते. पुढच्याच वर्षी तुम्ही नोकरीवर आलात. नवी टोपी घालून. मला तुम्ही आवडलात. मग मी त्या उताराबद्दल बोलायचं सोडून दिलं. आता तिथे पुन्हा गवत येईल असं वाटलं, तर आनंद झाला. तुमच्या दुःखाचा नाही झाला. दोन्ही एकाच घरात आलं, त्याला मी काय करू?”

ती लेकीकडे जाणार आहे का, तेवढं विचारलं. ती म्हणाली, “मी? मला वाटलं, तुम्ही जाल.”

उशिरा दोघं जेवलो. भात गार झाला होता.

४ मार्च

अध्यक्ष घरी आला. बसला, चहा घेतला, पाय हलवत राहिला. शेवटी म्हणाला, “दोर उतरवायला माणसं येतायत. तू येशील? नाही म्हणालास तरी चालेल.”

“नाही,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाला. उठला आणि दारात थांबून म्हणाला, “माझ्याच्याने तुला सांगवलं नाही, गड्या. रोज ठरवायचो. पहिल्या दिवशी आपण दोघं एकाच खुर्चीतून वर गेलो होतो, तेच डोळ्यांसमोर यायचं.”

माफ वगैरे केलेलं नाही. पण त्याचं गॅरेज उकरायला उद्या जावं लागेल, एकट्याने होणार नाही त्याच्या.

११ मार्च

गेलो शेवटी. घरात बसून आवाज ऐकण्यापेक्षा बरं.

खुर्च्या आधीच काढल्या होत्या, मैदानात उलट्या पडल्या होत्या. ताण उतरवायचं चाक मी फिरवलं. दोर आधी नुसता सैल झाला, मग खांबाखांबांवरून खाली येत गेला आणि चिखलात लांबच लांब पडला. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. उलट आभाळ एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं आणि त्याचाच राग आला. घरी येऊन झोपलो.

२४ मार्च

काही घडलं नाही. गुडघा दुखतो. सकाळी सवयीने स्टेशनापर्यंत जाऊन परत आलो.

१७ मे

आज हिच्याबरोबर वर गेलो. पायी. ही गेले काही दिवस म्हणत होती, “चला एकदा,” आणि मी गुडघा पुढे करत होतो. आज गुडघ्यानेही साथ सोडली, म्हणजे दुखलाच नाही.

या उतारावरून मी हजारो वेळा गेलो असेन, पण पाय कधी लागले नव्हते. वरून तो सरळसोट दिसायचा. प्रत्यक्षात नुसते खड्डे आणि उंचवटे. मध्येच एक ओघळ आहे, त्यात पाणी आहे, त्याला आवाजही आहे. मोटरच्या आवाजात तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. कुडांमागे गवत उगवलंय. कुरण म्हणे! टक्कल पडलेल्या डोक्यावर चार केस यावेत तसं. घसरलेल्या बाजूला तेही नाही, तिथे अजून जमीन ओली आणि कच्ची आहे. हे मी बोलून दाखवलं. ही म्हणाली, “दहा वर्षं लागतील.”

“आपण असू का तेव्हा?”

“गवताला त्याच्याशी काय करायचंय,” म्हणाली आणि पुढे चालू लागली.

बर्फ पुन्हा पडेल असं मला अजूनही वाटतं. रोज नाही वाटत आता.

वर एका सपाट जागी आम्ही थांबलो. इथे वडिलांची झोपडी होती, असं हिने दाखवलं. मला तिथे काहीच दिसलं नाही, पण ही बोटाने हवेत दार दाखवत होती, खिडकी दाखवत होती, जनावरं कुठून आत यायची ते सांगत होती. ओघळाचं पाणी इथपर्यंत आणता आलं तर बरं होईल, म्हणाली. पाइप कितीसा लागेल, उतार कसा मिळेल, मी मनात हिशेब करायला लागलो. करता येईल. सांगितलं नाही तिला, आधी नीट बघायला हवं.

तेवढ्यात ही बोलता बोलता आडवी झाली आणि झोपली. पदर डोळ्यांवर घेऊन, चिखलाचे बूट तसेच पसरून. तोंड उघडं. कामाने किती थकलीय ते झोपेत दिसत होतं.

मी बाजूला बसलो. पश्चिमेकडून ढग येत होते, काळे नव्हते पण भरलेले होते. मी त्या कच्च्या मातीकडे बघत होतो. उठवावं असं वाटलं. पण पायी उतरायचं तर तिच्याच चालीने उतरायचं होतं, आणि दमलेल्या माणसाला घाई करण्यात अर्थ नाही. म्हणून आणखी थोडा वेळ झोपू दिलं.